‘फूटी’ म्हणजे नेमका कुठला खेळ? ऑस्ट्रेलियातल्या चार फुटबॉलांतून आपला निवडण्याची रीत

मेलबर्नमध्ये नोकरी लागली की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो: ‘हू डू यू बॅरॅक फॉर?’ म्हणजे तुमचा संघ कुठला? यावर मँचेस्टर युनायटेड म्हटलंत तर समोरचा हसतो आणि विषय तिथेच संपतो, कारण त्याने विचारलेला फुटबॉल तो नव्हेच. सिडनीत हाच प्रश्न आला तर मनात धरलेला खेळ आणखी तिसराच असतो. दोघंही त्याला ‘फूटी’च म्हणतात. (जाता जाता एक इशारा: अमेरिकी मालिकांच्या सवयीने ‘रूट फॉर’ म्हणू नका. ऑस्ट्रेलियात त्या शब्दाचा अर्थ चारचौघांत सांगण्याजोगा नाही.)

एकाच देशात चार फुटबॉल व्यावसायिक पातळीवर खेळले जातात: ऑसी रूल्स, रग्बी लीग, रग्बी युनियन आणि आपण ज्याला नुसतं फुटबॉल म्हणतो तो सॉकर. नवा माणूस बहुतेक वेळा जो सामना टीव्हीवर लागला असेल तो पाहतो, अर्ध्या तासात कंटाळतो आणि ‘नुसती धक्काबुक्की आहे’ म्हणून परत क्रिकेटकडे वळतो. दोष खेळाचा नसतो. या चारांत मजा चार वेगळ्या जागी असते आणि चुकीच्या जागी डोळे लावले तर ती दिसतच नाही. म्हणून नियमांची पुस्तिका पाठ करण्याऐवजी एका हंगामात प्रत्येकी निदान एक सामना, योग्य जागी बसून, योग्य गोष्टीकडे पाहत काढावा.

पायरी पहिली: घराचा पत्ता

इयन टर्नर या इतिहासकाराने १९७८ साली ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर एक काल्पनिक तिरकी रेघ मारली आणि तिला मेलबर्नचे दिग्गज खेळाडू व प्रशिक्षक रॉन बरासी यांचं नाव दिलं. बरासी रेषेच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला, म्हणजे व्हिक्टोरिया, दक्षिण व पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियात, ऑसी रूल्सचं राज्य. वरच्या बाजूला, म्हणजे न्यू साउथ वेल्सचा मोठा भाग आणि क्वीन्सलंडमध्ये, रग्बी लीगचं.

रेघ आता बरीच झिरपते. साउथ मेलबर्नचा क्लब १९८२ मध्ये सिडनीला गेला आणि पुढे सिडनी स्वॉन्स झाला. उलट दिशेने मेलबर्न स्टॉर्म १९९८ पासून ऑसी रूल्सच्या माहेरात रग्बी लीग खेळतोय. २०२५ मध्ये तर ऑसी रूल्स आणि रग्बी लीग या दोन्हींची विजेतेपदं ब्रिस्बेनलाच गेली. तरीही सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये कशावर बोलणं होईल हे अजून ही रेघच ठरवते.

पत्त्याचा दुसरा अर्थ जास्त व्यवहाराचा आहे. ज्या मैदानावर जायला दोनदा गाडी बदलावी लागते, तिथे तुम्ही पहिल्या वर्षी तीनदा जाल आणि नंतर एकदाही नाही. वेस्टमीड, वेंटवर्थविल, हॅरिस पार्क या भागांत बरीच मराठी कुटुंबं आहेत. तिथून पॅरामाट्टाचं कॉमबँक स्टेडियम अगदी जवळ. तिथे रग्बी लीगचा पॅरामाट्टा ईल्स आणि सॉकरचा वेस्टर्न सिडनी वाँडरर्स हे दोन्ही खेळतात. मेलबर्नकरांना एमसीजीसाठी रिचमंड किंवा जोलिमोंट स्टेशन, आणि मार्व्हल स्टेडियमसाठी सदर्न क्रॉस. मार्व्हलला छप्पर आहे. जुलैतल्या संध्याकाळी लहान मुलं सोबत असतील तर हे छप्पर खेळाच्या दर्जापेक्षा महत्त्वाचं ठरतं.

पायरी दुसरी: कॅलेंडर

ऑसी रूल्सची लीग, एएफएल, मार्च ते सप्टेंबरअखेर. रग्बी लीगची एनआरएल मार्च ते ऑक्टोबरचा पहिला रविवार. युनियनचं सुपर रग्बी फेब्रुवारीत सुरू होऊन जूनपर्यंत, आणि त्यानंतर देशादेशांमधले कसोटी सामने. सॉकरची ए-लीग मात्र तिकडच्या उन्हाळ्यात, ऑक्टोबर ते मे. म्हणजे सॉकरचा सामना एप्रिलमध्ये उरकावा, युनियनसाठी जुलै-ऑगस्टमधली कसोटी धरावी आणि मधल्या थंडीत बाकीचे दोन पाहावेत. रग्बी लीगचे क्लब-सामने पाहण्याआधी ‘स्टेट ऑफ ओरिजिन’, म्हणजे दोन राज्यांमधली लीगची वार्षिक मालिका, पाहू नका. कारण पुढे येईल.

पायरी तिसरी: ऑसी रूल्स

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण जगात दुसरीकडे कुठे हा खेळ या पातळीवर दिसणार नाही.

मूळ क्रिकेटमध्ये आहे. टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये सुचवलं की हिवाळ्यात खेळाडूंची तंदुरुस्ती टिकवायला एक फुटबॉल क्लब काढावा. पुढच्याच वर्षी मेलबर्न क्लबने नियम लिहून काढले. म्हणून मैदान लंबगोल आहे आणि क्रिकेटचंच आहे. डिसेंबर २०२० मध्ये अजिंक्य रहाणेने ११२ धावा केल्या त्याच एमसीजीवर हिवाळाभर हा खेळ चालतो. क्रिकेटची खेळपट्टी बाहेर तयार करून उन्हाळ्यात आणून बसवतात, त्याचं कारणही हेच.

प्रत्येक बाजूला १८ खेळाडू. वीस-वीस मिनिटांचे चार भाग, पण खेळ थांबल्याचा वेळ वर धरल्याने प्रत्येक भाग जवळपास अर्ध्या तासाचा. एकूण अडीच तास मोकळे ठेवा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून हल्ला करणाऱ्याच्या पायाने चेंडू गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला, उंच खांबाला लागला, किंवा वाटेत कुणाचा हात लागला तर ‘बिहाइंड’, एक गुण. गोल झाला की गोल-पंच दोन झेंडे हलवतो, बिहाइंडला एक. पांढऱ्या झेंड्यांची ही कवायत मुलांना पहिल्या पाच मिनिटांत आवडते.

गुणफलक वाचताना क्रिकेटवाल्यांची हमखास गफलत होते. १०.१२ म्हणजे दहा षटकं आणि काही चेंडू नव्हेत. दहा गोल, बारा बिहाइंड, एकूण ७२. समोरच्या संघाचे ११.४, म्हणजे ७०. एक गोल जास्त करूनही तो हरला. चुकलेल्या किकलाही एक गुण मिळतो म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत हिशेब सतत हलत राहतो.

चेंडू फेकायला बंदी आहे. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा, नाहीतर लाथ मारायची. घेऊन पळताना दर १५ मीटरला जमिनीवर आपटायचा किंवा टेकवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘मार्क’: १५ मीटर किंवा जास्त अंतरावरून किक केलेला चेंडू कुणी हवेत झेलला की त्याला तिथून शांतपणे किक मारण्याचा हक्क. झेल घेण्यासाठी समोरच्याच्या पाठीवर गुडघा टेकवून वर चढलं तरी चालतं, डोळे चेंडूवर हवेत.

कुठे बसायचं: मधल्या रेषेजवळ, दुसऱ्या मजल्यावर. पहिल्यांदा जाणारे कुंपणाला लागून पहिली रांग घेतात आणि पस्तावतात. मैदान दीडशे मीटरहून लांब असू शकतं. खालून पलीकडच्या टोकाला नुसते ठिपके दिसतात.

काय पाहायचं: चेंडू नव्हे. ऑफसाइड नसल्यामुळे ३६ माणसं कुठेही असू शकतात, आणि खरी मजा चेंडू पोहोचण्याआधी कोण कुणाला चुकवून मोकळ्या जागेकडे पळतोय यात आहे. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे असतो, त्यामुळे घरी पाहणाऱ्याला हा खेळ गोंधळ वाटतो. एक उपाय: पहिल्या भागात एकच खेळाडू निवडा, शक्यतो मधल्या फळीतला, आणि फक्त त्याच्यावर नजर ठेवा. तो सामन्यात बारा किलोमीटर किंवा त्याहून जास्त धावतो. का धावतो हे कळलं की बाकीचा खेळ आपोआप उलगडतो.

काय बिघडतं: टॅकल झालेल्या, म्हणजे पकडून अडवलेल्या, खेळाडूला पळण्या-खेळण्याची संधी आधीच मिळालेली असेल तर त्याने चेंडू लगेच सोडला पाहिजे, नाहीतर फ्री किक. ‘आधी संधी मिळाली का’ हे पंचाच्या मतावर असतं. म्हणून प्रत्येक टॅकलला हजारो लोक एका सुरात ‘बॉऽऽल!’ ओरडतात, निम्म्या वेळा चूक. नियम कळला नाही म्हणून अस्वस्थ होऊ नका. शेजारच्यालाही खात्री नसते. ओरडा.

दोन्ही संघांचे लोक मिसळून बसतात, वेगळी कुंपणं नसतात. एमसीजीवर घरचा डबा नेता येतो. काचेच्या बाटल्या, कॅन आणि दारू नको. थालीपीठ थंडही बरं लागतं.

पायरी चौथी: रग्बी लीग

१८९५ मध्ये इंग्लंडच्या हडर्सफील्ड गावातल्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी रग्बीच्या मूळ संघटनेशी फारकत घेतली. कारण पैशाचं होतं. गिरणी-खाणीतल्या कामगाराचा सामन्यासाठी शनिवारचा रोज बुडायचा. तो भरून द्यायला दक्षिणेकडचे हौशी बाबू तयार नव्हते. सिडनीत हीच फूट १९०७ मध्ये पडली आणि १९०८ पासून लीगची स्पर्धा सुरू झाली. सिडनीच्या कामगार वस्त्यांत लीग आणि खासगी शाळांत युनियन, ही विभागणी आजही पुसली गेलेली नाही.

तेरा खेळाडू, चाळीस मिनिटांचे दोन भाग. चेंडू हाताने फक्त मागे द्यायचा. ट्राय म्हणजे रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं, चार गुण. नंतरच्या किकला दोन. सहा टॅकलांत ट्राय जमला नाही तर चेंडू समोरच्याला. हे सहा टॅकल षटकासारखे मोजा. पहिले तीन-चार अंतर खाण्यासाठी, मग एक डाव, आणि पाचव्यानंतर बहुधा किक. पाठीराखेही मनात तसंच मोजत असतात.

कबड्डी पाहिलेल्या माणसाला हा खेळ चारांत सगळ्यात लवकर कळतो. पकड, घोटा धरणं, साखळी करून अडवणं, सगळं ओळखीचं वाटतं. म्हणूनच एक धोका: नजर धडकेवर खिळते. ती उचलून बचावाच्या रांगेच्या टोकांकडे न्या. प्रत्येक टॅकलनंतर बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागे जावं लागतं. दमलेला माणूस दोन पावलं उशिरा पोहोचतो आणि फट पडते. चार टॅकलांनी बांधलेली ही फट पाचव्याला फोडतात. हे खांबांच्या मागच्या बाजूने, थोडं उंचावरून सगळ्यात चांगलं दिसतं. तिकीटही तिथलं बहुधा स्वस्त असतं.

आता ओरिजिन. न्यू साउथ वेल्सचे निळे विरुद्ध क्वीन्सलंडचे मरून, वर्षाला तीन सामने. खेळाडू आज कुठल्या क्लबात आहे याला अर्थ नाही. मूळ कुठलं, त्या राज्याकडून उतरायचं. पहिला सामना ८ जुलै १९८० ला ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर झाला आणि आर्थर बीटसनच्या नेतृत्वाखाली क्वीन्सलंडने तो २०-१० असा जिंकला. एकाच क्लबातले दोन सवंगडी त्या रात्री एकमेकांना लोळवतात. क्लब माहीत नसतील तर ती ठिणगी दिसणार कशी? म्हणून आधी चार-पाच क्लब-सामने, मग ओरिजिन.

पायरी पाचवी: रग्बी युनियन, आणि तोही घरी बसून

पंधरा खेळाडू, ट्राय पाच गुण, त्यानंतरची किक दोन, पेनल्टी आणि ड्रॉप गोल (खेळ चालू असताना चेंडू जमिनीवर टाकून मारलेली किक) तीन-तीन. लीगमध्ये टॅकल झाला की खेळाडू उठून चेंडू मागे ढकलतो. इथे टॅकलनंतरही चेंडूसाठी झटापट चालूच राहते. त्या ढिगाऱ्यात कोण काय चुकलं हे स्टेडियममधून कुणालाच कळत नाही. शिवाय स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांच्या खेळाडूंनी खांदे भिडवून चेंडूसाठी लावलेला रेटा, कोसळतो, पुन्हा लावतात, पुन्हा कोसळतो. ऐंशीपैकी निम्म्याहून कमी मिनिटं चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो.

म्हणून पहिला सामना टीव्हीवर पाहावा. पंचाच्या अंगावर माइक असतो आणि तो प्रत्येक निर्णयाचं कारण खेळाडूंना सांगताना ऐकू येतो. दोन सामन्यांत नियम कानावाटे शिकून होतात. त्यानंतर लक्ष ठेवा कर्णधारावर. पेनल्टी मिळाली की त्याच्यापुढे पर्याय असतात: खांबांकडे किक मारून तीन गुण घ्यायचे, की कोपऱ्यात चेंडू बाहेर मारून लाइनआउटवरून (रांगेतल्या खेळाडूंकडे चेंडू बाहेरून आत फेकून) पाच-सात गुणांचा डाव खेळायचा, की स्क्रम मागायचा. कसोटीत डाव घोषित करण्यासारखा हा निर्णय असतो आणि युनियनप्रेमी पबमध्ये यावरच भांडतात.

क्लबप्रेमासाठी मात्र हा पर्याय सध्या ऑस्ट्रेलियात दुबळा आहे. मेलबर्न रेबेल्स २०२४ मध्ये बंद पडला आणि त्या शहरात सुपर रग्बीचा संघच उरला नाही. युनियनची ताकद देशाच्या जर्सीत आहे: वॉलबीजनी १९९१ आणि १९९९ चे विश्वचषक जिंकले, आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्सविरुद्धच्या कसोटीला एमसीजीवर नव्वद हजारांवर लोक आले. पुरुषांचा पुढचा विश्वचषक ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२७ मध्ये ऑस्ट्रेलियातच आहे. तोवर नियम शिकून ठेवायला वेळ आहे.

पायरी सहावी: सॉकर

खेळ माहीत आहे, तेव्हा फरक तेवढे सांगतो. ए-लीगमध्ये तळाचा संघ खालच्या पातळीवर ढकलला जात नाही, त्यामुळे हंगामाच्या शेवटी तळातल्यांच्या सामन्यांत जीव नसतो. तसलं तिकीट घेऊ नका. गुणतक्त्यात पहिला येणारा ‘प्रीमियर’, पण ‘चँपियन’ ठरतो तो शेवटच्या बाद फेरीतून. इंग्लिश लीग पाहणाऱ्यांना हा अन्याय वाटतो. चारही खेळांत विजेता असाच ठरतो, सवय करून घ्या.

सॉकरची इथली चव गोलामागच्या गाणाऱ्या गटात आहे. नव्वद मिनिटं उभं राहून घोषणा द्यायच्या असतील तरच तिथलं तिकीट घ्या. लहान मुलं असतील तर कडेला बसून त्यांच्याकडे पाहा. आणि एखादी दुपार साउथ मेलबर्न किंवा मेलबर्न नाइट्ससारख्या जुन्या क्लबांसाठी ठेवा. पहिला ग्रीक स्थलांतरितांनी उभा केलेला, दुसरा क्रोएशियन. २००५ मध्ये ए-लीग आली तेव्हा नवे क्लब मुद्दाम अशा ओळखीविना काढले गेले आणि हे जुने बाहेर राहिले. परक्या देशात आलेल्यांनी आपला क्लब कसा जपला हे तिथे दिसतं; महाराष्ट्र मंडळाची बैठक पाहिलेल्याला ते लगेच ओळखू येईल.

पायरी सातवी: कागदावर चार नोंदी

प्रत्येक सामन्यानंतर घरी परतताना, गाडीतच, एवढं लिहा: किती वेळा फोन पाहिला. किती वेळा नकळत उभे राहिलात. सोबतचा माणूस किंवा मूल पुन्हा यायला तयार आहे का. दुसऱ्या दिवशी कुणाशी त्यावर बोललात. शेवटच्या प्रश्नाला दुप्पट वजन द्या. एकट्याने पाहायचा खेळ दोन हंगामांपलीकडे टिकत नाही.

मूल खेळणार असेल तर हिशेब बदलतो. ऑसी रूल्सचं ऑसकिक आणि सॉकरचं मिनीरूज हे लहानांचे कार्यक्रम जवळपास प्रत्येक उपनगरात असतात. मूल जिथे जाईल तिथे आईबाबाही आपोआप जातात. डोक्याला मार लागण्याची काळजी असेल तर प्रशिक्षकाला सरळ विचारा: पूर्ण टॅकल कितव्या वर्षी सुरू होतं, आणि डोक्याला लागल्यावर परत खेळवण्याआधी किती दिवस थांबवता? उत्तर आढेवेढे घेत आलं तर दुसरा क्लब बघा.

पायरी आठवी: क्लब

खेळ ठरला तरी क्लब नसेल तर ते अर्धवटच. यात कोल्हापूरकर इतरांच्या पुढे आहेत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना पाहिलेल्याला कॉलिंगवूड आणि कार्लटन समजावून सांगावं लागत नाही. तिथे पेठा-तालमी, इथे उपनगरं. कॉलिंगवूड, कार्लटन, रिचमंड ही सगळी मेलबर्नच्या जुन्या वस्त्यांची नावं आहेत.

जिंकणारा संघ पाहून निवडू नका. एएफएलमध्ये पगारावर मर्यादा असते आणि तळाच्या संघाला नवे खेळाडू आधी निवडता येतात, त्यामुळे आजचा विजेता पाच वर्षांत खाली येऊ शकतो. एनआरएलमध्येही पगाराची मर्यादा कडक आहे: ती चोरून ओलांडल्याबद्दल मेलबर्न स्टॉर्मची २००७ आणि २००९ ची विजेतेपदं २०१० मध्ये काढून घेतली गेली. निवडायचा तर घराजवळचा, नाहीतर ज्या मित्रासोबत जाणार त्याचा. एकदा जाहीर केलेला क्लब बदलणं मात्र मेलबर्नमध्ये जात बदलण्याइतकं अवघड, तेव्हा पहिला हंगाम ‘अजून ठरवतोय’ म्हणा. त्या काळात सहकारी आपापल्या क्लबची भरती करायला तिकीटंही देतात.

भारतातून पाहणाऱ्यांसाठी

तिकडच्या हिवाळ्यात मेलबर्न आणि सिडनी भारताच्या साडेचार तास पुढे. शनिवारी दुपारी अडीचचा सामना म्हणजे पुण्यात सकाळी दहा, पोह्यांच्या वेळी. एएफएलची अंतिम लढत परंपरेने सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी याच वेळेला असते. ओरिजिन रात्री आठनंतर सुरू होतं, म्हणजे इकडे दुपारी साडेतीनच्या पुढे. परदेशातल्यांसाठी वॉच एएफएल आणि वॉच एनआरएल या वर्गणीच्या सेवा आहेत. पूर्ण हंगामाऐवजी आधी एका आठवड्याची किंवा महिन्याची वर्गणी घ्या.

वेळेची एक चूक दरवर्षी होते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पहाटे तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात आणि फरक साडेपाच तासांचा होतो. एनआरएलची अंतिम लढत त्याच रविवारी संध्याकाळी असते. साडेसातचा सामना तीनला लागेल म्हणून बसाल, तर तो दोनलाच सुरू होऊन पूर्वार्ध संपलेला असेल.